आल्टे होफहाल्टुंग, बँबर्ग

आल्टे होफहाल्टुंग : जर्मनीच्या बव्हेरिया राज्यातील बँबर्ग शहरात कॅथीड्रलच्या चौकालगत असलेला, बिशपांच्या दरबाराचा ऐतिहासिक वास्तुसमूह. नावाचा अर्थ ‘जुना दरबार’ असा आहे. धर्मसत्ता व राजसत्ता एकाच हाती असलेल्या प्रिन्स-बिशपांच्या राजवटीची स्थित्यंतरे या वास्तूंत स्पष्ट दिसतात.

या टेकडीवरील बाबेनबर्ग घराण्याच्या किल्ल्याचा उल्लेख ९०२ मध्ये आढळतो. राजा दुसरा हाइन्‍रिख (कार. १००२–२४) याने १००७ मध्ये येथे बिशपचे पीठ स्थापिले. कॅथीड्रलशेजारी प्रासाद उभा राहिला; तेथे बिशपांबरोबर राजांचाही मुक्काम पडे. हे सान्निध्य संकटासही कारण ठरले. पुतणीच्या विवाहानिमित्त बँबर्गला आलेला जर्मन राजा फिलिप याचा व्हिटेल्सबाख घराण्यातील ओटोने २१ जून १२०८ रोजी वध केला. बिशप एकबेर्टवर कटाचा संशय येऊन त्याला पळून जावे लागले. पुढे तो पदावर परतला आणि त्याच्याच कारकीर्दीत, १२३७ मध्ये, विद्यमान कॅथीड्रलचे समर्पण झाले.

आतील प्रशस्त चौकाभोवती पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धातील लाकडी सांगाड्याच्या इमारती आहेत. उंच, उतरती छपरे व लाकडी सज्जे ही त्यांची वैशिष्ट्ये होत. बाहेरील चौकाकडील प्रबोधनशैलीची सभागृहाची इमारत बिशप फाइट फोन व्युर्ट्सबुर्ग (कार. १५६१–७७) याच्या काळात एरास्मुस ब्राउन या वास्तुकाराने बांधली. तिच्या लगतच्या प्रवेशद्वारावर मेरी, हाइन्‍रिख व त्याची राणी कुनिगुंडे यांची शिल्पे असून दोन्ही बाजूंस माइन व रेग्नित्स या नद्यांच्या पहुडलेल्या प्रतिमा कोरल्या आहेत. उपासनेची दैवते आणि राज्याची भूमी यांवरील बिशपांचा अधिकार अशा रीतीने एकाच द्वारावर उद्‍घोषित झाला आहे.

लोथार फ्रान्त्स फोन शोनबोर्न याने १६९७–१७०३ दरम्यान समोरच नव्या प्रासादाचा भव्य विस्तार केला. दरबाराचे वैभव तिकडे गेले. मात्र बरोक शैलीतील पुनर्रचनेपासून जुना चौक बचावला. १८०२-०३ मध्ये बिशपांचे राज्य बव्हेरियात विलीन होऊन त्यांची राजसत्ता संपुष्टात आली.

या वास्तूत १९३८ पासून शहराचे ऐतिहासिक संग्रहालय आहे. चौकात १९७३ पासून उन्हाळ्यात ‘काल्देरोन’ नाट्यमहोत्सव भरू लागला. बँबर्गच्या जुन्या शहराचा १९९३ मध्ये जागतिक वारसास्थळांत समावेश झाला.