नॅकचं घराणं

‘यंदा आपलं नॅक आहे’ असं मंगरूळपीरच्या एखाद्या सरांनी सांगितलं, की त्यांना लग्नाची पत्रिका नुसती द्यायची, येण्याचा आग्रह करायचा नाही. राष्ट्रीय मूल्यांकन व प्रत्यायन परिषद हे लांबलचक नाव कागदावर राहिलं. बोलण्यात ‘नॅक लागलं’, ‘नॅक झालं’. महाविद्यालयं जोखून श्रेणी देणारी ही परिषद विद्यापीठ अनुदान आयोगानं 1994 साली स्थापन केली, मुक्काम बंगळूर. पण तिचं कूळ त्याहून जुनं आहे.

1853 साली मंगरूळपीरसकट निजामाचं वऱ्हाड कंपनीच्या कारभारात आलं. पुढच्याच वर्षी चार्ल्स वुडचा शिक्षणाचा खलिता निघाला. खासगी संस्थांना सरकार पैसे देईल, मात्र सरकारी तपासनीस येऊन पाहून जाईल, असा त्यातला करार. ‘ग्रँट’ शब्द आपल्याकडे रुजला तो या व्यवस्थेतून. प्राध्यापक आजही अनुदान म्हणत नाहीत. ‘ग्रँटवर आहे’, नाहीतर ‘नॉनग्रँटवर’.

मुंबई इलाख्यात पुढे मुलं परीक्षेत किती उतरली, त्यावर शाळेची रक्कम ठरू लागली. 1882 च्या हंटर आयोगानं महाविद्यालयांसाठी वेगळी मापं सुचवली: शिक्षकवर्ग, खर्च, संस्थेची कार्यक्षमता आणि त्या भागाची गरज. हे शेवटचं माप मला सगळ्यांत शहाणपणाचं वाटतं. आपल्या पैसेवारीचा न्याय तोच. पीक पन्नास पैशांच्या खाली गेलं, की तिथं सवलती लागू होतात.

नॅकचा न्याय उलटा. सुरुवातीला ते ऐच्छिक होतं, 2012 च्या नियमांनी सक्तीचं झालं. 2013 नंतर रुसासारख्या निधी देणाऱ्या योजनांच्या पात्रतेत नॅकची श्रेणी विचारली जाऊ लागली. तपासनीस आणि थैली पुन्हा एका गाडीत बसले. ज्याची श्रेणी वर, त्याला आणखी निधी.

2017 पासून बहुतेक गुण आकडे आणि पुराव्यांवर. वृक्षारोपणाच्या फोटोखाली अक्षांश-रेखांश उमटले नाहीत, तर फोटो पुन्हा. रोप तेच, खड्डा तोच, कुदळ धरलेले सरही तेच. फक्त या खेपेला मोबाइलचं लोकेशन चालू. मग सात निकषांच्या सात फायली, आणि कुणाच्या कपाटात कुठली यावरून रुसवेफुगवे.

त्या भागाची गरज मात्र अगदीच हद्दपार झाली नाही. मंगरूळपीरचा जिल्हा वाशीम हा केंद्राच्या आकांक्षित जिल्ह्यांतला एक. सकाळच्या एसटीनं तासाला येणारी आणि सुट्टीच्या दिवशी सोयाबीन सोंगायला जाणारी मुलगी अहवालात मांडायची, तर सातव्या निकषाच्या शेवटी ‘संस्थेचं वेगळेपण’ हा मथळा होता. 2017 च्या पद्धतीत संलग्न महाविद्यालयांसाठी त्याला हजारात 20 गुण होते.