‘गाझी’ पाणबुडी : एक जलसमाधी, दोन दावे

‘गाझी’ ही १९७१च्या युद्धात विशाखापट्टणमजवळ बुडालेली पाकिस्तानी पाणबुडी. मूळची अमेरिकी नौदलाची ‘डायब्लो’. पाकिस्तानने ती भाडेकराराने घेतली होती. विमानवाहू ‘विक्रांत’चा वेध घेणे आणि बंदरासमोर सुरुंग पेरणे या कामगिरीसाठी १४ नोव्हेंबर १९७१ रोजी ती कराचीहून निघाली. ‘विक्रांत’ मात्र आधीच अंदमानकडे हलवण्यात आली होती. ३ डिसेंबरच्या मध्यरात्रीच्या सुमारास ‘गाझी’ बुडाली. तिच्यावरील नव्वदहून अधिक नौसैनिकांपैकी एकही वाचला नाही.

ती कशामुळे बुडाली, याविषयी मतभेद आहेत. भारतीय नौदलाच्या मते ‘राजपूत’ या विनाशिकेने टाकलेल्या डेप्थ चार्जमुळे. पाकिस्तानला हे मान्य नाही. स्वतःच पेरलेल्या सुरुंगामुळे किंवा पाणबुडीच्या आत झालेल्या स्फोटामुळे ती बुडाली, असे त्या बाजूने सांगितले जाते. भारतातही लेफ्टनंट जनरल जे. एफ. आर. जेकब यांनी नौदलाच्या कथनाविषयी शंका व्यक्त केली होती. डेप्थ चार्जच्या धक्क्याने आतील सुरुंगांचा स्फोट झाला असावा, असा तिसरा तर्कही मांडला जातो. सांगायला कोणी उरले नाही आणि अवशेष तळाशीच राहिले. त्यामुळे निवाडा झालेला नाही.

परिणामाबद्दल मात्र वाद नाही. पूर्वेकडील समुद्रात ‘विक्रांत’ला असलेला पाणबुडीचा मोठा धोका टळला आणि ४ डिसेंबरपासून तिच्या विमानांनी कॉक्स बाजार, चितगाव येथे हल्ले चढवले.