चिकाटी, हेका आणि काही इंग्रजी शब्द

‘पर्सिव्हिअरन्स’ म्हणजे चिकाटी. ‘पर्सिस्टन्स’ म्हणजेही चिकाटीच, आणि ‘टिनॅसिटी’ आली की अनुवादक पुन्हा तीच चिकाटी पुरवून वापरतो. ‘ऑब्स्टिनसी’ समोर आली की मात्र आपण एकदम हट्ट, हेका, दुराग्रह यांच्या गल्लीत शिरतो. अनुवाद करताना आम्ही या जागी अनेकदा अडखळलो आहोत. हे शब्द खरोखर निरनिराळ्या गुणांची नावे आहेत, की एकाच गुणाकडे पाहणाऱ्या निरनिराळ्या डोळ्यांची?

व्युत्पत्ती फारशी मदत करीत नाही. ‘पर्सिस्ट’ आणि ‘ऑब्स्टिनेट’ या दोहोंच्या मुळाशी उभे राहणे आहे. आपल्या ‘स्था’ धातूचेच ते दूरचे नातलग. ‘टिनॅसिटी’ आणि ‘पर्टिनॅसिटी’ यांच्या मुळाशी धरून ठेवणे आहे. (आपला ‘ग्रह’ धातू तरी काय करतो? त्याच्यापासून आग्रह होतो, दुराग्रह होतो, आणि गांधीजींच्या हातात पडला की सत्याग्रहही होतो.) ‘पर्सिव्हिअरन्स’ तेवढा वेगळ्या घरचा, त्याच्या पोटी ‘सेव्हेरुस’, म्हणजे कठोर, गंभीर, हा लॅटिन शब्द आहे. परंतु कोण स्तुत्य आणि कोण निंद्य, हे धातू सांगत नाहीत.

सिसेरोने तरुणपणी लिहिलेल्या वक्तृत्वशास्त्रावरील ग्रंथात ‘पेर्सेवेरांतिया’ला धैर्याच्या पोटभेदांत बसविले आणि ‘पेर्तिनाकिया’ हा तिला लागूनच राहणारा दुर्गुण ठरविला. विरुद्ध टोकाचा नव्हे, शेजारचा. ही सूचना मार्मिक आहे, कारण शेजाऱ्यांमधली भिंत कोठे आहे हाच पुढे सगळा वाद झाला.

त्या वादाचा सर्वांत बोलका पुरावा धाकट्या प्लिनीच्या पत्रात सापडतो. इ. स. ११२च्या सुमारास तो बिथिनिया-पाँटस प्रांताचा कारभार पाहत होता. ख्रिस्ती म्हणून धरून आणलेल्या लोकांचे काय करावे, असे त्याने सम्राट त्राजनाला विचारले आहे. आपली रीत तो सांगतो : आरोपीला एकदा विचारायचे, तो कबूल झाला तर शिक्षेची धमकी देऊन दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा विचारायचे, तरीही ठाम राहिला तर वधाला पाठवायचे. या ठाम राहणाऱ्यांसाठी त्याने ‘पेर्सेवेरांतेस’ हा शब्द योजला आहे. आणि पुढच्याच वाक्यात तो म्हणतो की, ते जे काही मानत असतील ते असो, त्यांची पेर्तिनाकिया आणि न वाकणारी ‘ओब्स्तिनातिओ’ शिक्षेस पात्र आहेच. माणसे तीच, कृती तीच, आणि दोन वाक्यांत शब्द तीन! एवढ्या थोड्या जागेत हे कोडे इतके स्पष्ट मांडलेले आम्ही तरी अन्यत्र पाहिलेले नाही.

ख्रिस्ती लोकांनी यांतला पहिला शब्द उचलला. शेवटपर्यंत टिकेल तो तरेल, हे मॅथ्यूच्या शुभवर्तमानातील वचन लॅटिनमध्ये गेले ते याच क्रियापदाच्या आधाराने. ऑगस्टीनने ४२८-२९च्या सुमारास या विषयावर स्वतंत्र ग्रंथ लिहून अखेरपर्यंत टिकणे ही माणसाची कमाई नव्हे, ईश्वराची देणगी आहे असे प्रतिपादिले. १६१८-१९च्या डॉर्टच्या धर्मसभेने संतांच्या ‘पर्सिव्हिअरन्स’ला कॅल्व्हिनपंथी सिद्धान्तांत कायमची जागा दिली. आज इंग्रजी ‘पर्सिव्हिअरन्स’ला जे सोवळेपण आहे, ते आमच्या मते बरेचसे येथून आले.

आणि प्लिनीचा दुसरा शब्द? तोही वाया गेला नाही. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसने एका बाजूस मऊपणा, दुसऱ्या बाजूस पेर्तिनाकिया आणि मध्ये सद्गुण अशी मांडणी केली. चर्चच्या कायद्यात नुसती चूक म्हणजे पाखंड नव्हे. समज दिल्यावरही ती पेर्तिनाकियाने धरून ठेवली तर पाखंड. १४१५ साली कॉन्स्टन्स येथे यान हुस आपली मते मागे घेईना, तेव्हा त्याला जाळण्यात आले. प्रश्न विचारण्याची रीत प्लिनीचीच होती. विचारणारे बदलले होते. बोहेमियात हुस हुतात्मा ठरला.

धर्मयुद्धे ओसरल्यावर हे शब्द समानार्थी शब्दांच्या पुस्तकांत येऊन बसले. पिओझीबाईंचे १७९४ सालचे, क्रॅबचे १८१६ सालचे. ‘पर्सिस्ट’ने मधली, निर्विकार जागा धरली. इंग्रजीत ताप ‘पर्सिस्ट’ होतो, अफवा होते. ‘पर्सिव्हिअर’ होत नाहीत, कारण त्यांना ध्येय नसते. एकोणिसाव्या शतकात अमेरिकनांनी वाळूच्या कणांना म्हणणाऱ्या ‘ग्रिट’ला करारीपणाचा अर्थ दिला. ‘रेझिलियन्स’ म्हणजे उसळून परत येणे. थॉमस यंगने १८०७ साली तो पदार्थविज्ञानात वापरला. त्यात टिकून राहणे आहे, पण अढळ राहणे नाही. व्यवस्थापनाच्या भाषणांतून या दोन्ही शब्दांचा अलीकडे जो भडिमार होतो, त्याबद्दल न बोललेलेच बरे.

‘पर्सिस्ट’ची कथा मात्र संपलेली नाही. फेब्रुवारी २०१७मध्ये अमेरिकेच्या सेनेटमध्ये एलिझाबेथ वॉरन यांनी कोरेटा स्कॉट किंग यांचे १९८६ सालचे पत्र वाचण्यास घेतले, तेव्हा नियमावर बोट ठेवून त्यांना गप्प बसविण्यात आले. बहुमतातील पक्षाचे नेते मिच मॅककॉनेल यांनी तक्रारीच्या सुरात सांगितले की, बाईंना इशारा दिला होता, कारणही समजावले होते, तरी त्यांनी ‘पर्सिस्ट’ केले. पुन्हा विचारणे, पुन्हा समज देणे, पुन्हा ठाम राहणे. थोड्याच दिवसांत तेच क्रियापद वॉरन यांच्या चाहत्या स्त्रियांनी सदऱ्यांवर छापून घेतले.