एफसिंक
फाइलमधला मजकूर डिस्कवर उतरेपर्यंत प्रोग्रॅमला थांबवून ठेवणारा सिस्टिम कॉल. १९८३ मध्ये आलेल्या ४.२ बीएसडी युनिक्समध्ये तो प्रथम दिसला. विंडोजमध्ये हेच काम ‘फ्लशफाइलबफर्स’ करते.

सी भाषेत ‘एफराइट’ने लिहिलेला मजकूर आधी लायब्ररीच्या बफरमध्ये साठतो, तिथून कर्नेलच्या पेज कॅशमध्ये जातो आणि डिस्कवर पोचतो तो सवडीने. लिनक्सच्या मूळ सेटिंगनुसार बदललेली पाने सुमारे ३० सेकंद मेमरीतच राहू शकतात. तेवढ्यात वीज गेली तर मजकूर गेला. प्रोग्रॅमला मात्र ‘लिहून झाले’ असे उत्तर केव्हाच मिळालेले असते. ‘एफफ्लश’ फक्त पहिला बफर रिकामा करते, आणि ‘क्लोज’ केल्यानेही डिस्कची हमी मिळत नाही. म्हणून पायथॉनमध्ये आधी ‘फ्लश’ आणि मग ‘ओएस डॉट एफसिंक’ अशा दोन्ही ओळी, याच क्रमाने, लिहाव्या लागतात.

मॅकओएसवर एवढ्यानेही भागत नाही. तिथले एफसिंक मजकूर ड्राइव्हकडे सोपवते, पण ड्राइव्हचा स्वतःचा कॅश रिकामा करायला ‘एफ-फुलएफसिंक’ वेगळे मागावे लागते.

जुनी फाइल बदलताना नवा मजकूर तात्पुरत्या फाइलमध्ये लिहावा, एफसिंक करावे, नाव बदलावे आणि शेवटी डिरेक्टरीवरही एफसिंक करावे. २००९ मध्ये एक्स्ट४ फाइल सिस्टिम नवी असताना, मधले एफसिंक गाळणाऱ्या प्रोग्रॅमांच्या सेटिंग फाइली मशीन अचानक बंद पडल्यावर शून्य बाइटच्या झालेल्या आढळल्या. हे सगळे वेळखाऊ आहे, हे खरे. त्यामुळेच रेडिस या डेटाबेसमध्ये एफसिंक प्रत्येक नोंदीला, दर सेकंदाला किंवा कर्नेलच्या मर्जीवर असे तीन पर्याय आहेत. पैशांच्या नोंदी ठेवणाऱ्याने पहिल्याखेरीज दुसरा निवडू नये.

सर्वांत गंभीर दोष २०१८ मध्ये पोस्टग्रेसक्यूएल या डेटाबेसच्या मंडळींपुढे आला. डिस्कवर लिहिणे फसले की लिनक्सचे एफसिंक एकदा त्रुटी कळवी, पण ती पाने ‘लिहिलेली’ म्हणून मोकळी होत. पुन्हा एफसिंक केले की उत्तर येई, ‘यशस्वी’. मजकूर मात्र डिस्कवर नसे. वर्षानुवर्षे हा डेटाबेस अशा वेळी पुन्हा प्रयत्न करण्यावर विसंबला होता. फेब्रुवारी २०१९ च्या आवृत्त्यांपासून एफसिंक फसताच तो स्वतःला बंद पाडतो आणि पुन्हा सुरू होताना लॉगमधून नोंदी नव्याने लिहून काढतो.