टाके निघाल्यानंतर : सातारा-सांगलीतील पोटाच्या शस्त्रक्रियांचा न लिहिलेला इतिहास

१/१२
१२ जानेवारी १९२४ ची रात्र. पुण्याच्या ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक यांनी येरवड्याच्या एका कैद्याचे पोट उघडले. ॲपेंडिक्स सुजून आत पू धरला होता. शस्त्रक्रिया चालू असतानाच वीज गेली आणि उरलेले काम कंदिलाच्या उजेडात पार पडले. कैद्याचे नाव मोहनदास करमचंद गांधी. ही रात्र बहुतेक चरित्रांत येते. तिच्यानंतरचे महिने मात्र दोन-चार ओळींत आटोपतात.

२/१२
५ फेब्रुवारीला सरकारने गांधीजींची बिनशर्त सुटका केली. तरी त्यांना रुग्णालय सोडता आले ते मार्चमध्ये. तेथून ते जुहूच्या समुद्रकाठी विश्रांतीसाठी गेले आणि मे महिन्याच्या अखेरीपर्यंत तेथेच राहिले. मोतीलाल नेहरू आणि चित्तरंजन दास यांना कायदेमंडळ प्रवेशाची चर्चा करायला जुहूलाच यावे लागले. देशाचे राजकारण एका जखमेच्या गतीने चालले होते.

३/१२
पोट उघडण्याची कल्पना आपल्याकडे नवी नव्हती. आतड्याला छिद्र पडल्यास ते काळ्या मुंग्यांच्या डंखाने सांधावे आणि मुंग्यांची डोकी तशीच ठेवून आतडे पुन्हा पोटात बसवावे, असा विधी सुश्रुतसंहितेत आहे. त्यापुढचा भाग सहसा सांगितला जात नाही. पोट शिवल्यावर रुग्णाला वारा न लागणाऱ्या घरात ठेवावे, तेलाच्या किंवा तुपाच्या द्रोणीत बसवावे आणि केवळ दुधावर ठेवावे, असे ग्रंथकार बजावतो. शस्त्र खाली ठेवल्यावर वैद्याचे काम संपत नाही, हे त्याला ठाऊक होते.

४/१२
क्लोरोफॉर्म १८४७ मध्ये आले, लिस्टरची जंतुनाशक पद्धत १८६७ मध्ये. त्यानंतरच पोटाची शस्त्रक्रिया नित्याची होऊ शकली. तरीही पोटातला पू हा राजा-रंक न पाहणारा शत्रू राहिला. जून १९०२ मध्ये इंग्लंडचा राजा सातवा एडवर्ड याचा राज्याभिषेक ऐन वेळी पुढे ढकलावा लागला, तो याच विकारामुळे. सर फ्रेडरिक ट्रीव्ह्ज यांनी ॲपेंडिक्स काढलेच नाही. केवळ पू बाहेर काढून दिला. राज्याभिषेक ९ ऑगस्टला झाला.

५/१२
आता पुण्याहून दक्षिणेकडे वळू. त्या काळी ‘सांगली जिल्हा’ नव्हता. तासगाव, वाळवा, खानापूर हे तालुके सातारा जिल्ह्यात होते. सांगली, मिरज, जत ही संस्थाने होती आणि आटपाडी औंध संस्थानात मोडत असे. दक्षिण सातारा जिल्हा १९४९ मध्ये झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. सरहद्दी अशा गुंतलेल्या असल्या, तरी पोटात कळ उठलेल्या माणसाची वाट एकाच गावाकडे जाई : मिरजेकडे.

६/१२
कॅनडात जन्मलेले डॉ. विल्यम वानलेस १८८९ मध्ये प्रेस्बिटेरियन मिशनतर्फे भारतात आले. सांगलीत दवाखान्याने आरंभ करून ते मिरजेत स्थिरावले आणि १८९४ मध्ये तेथे रुग्णालय सुरू झाले. त्यापूर्वीच रेल्वे मिरजेला पोहोचली होती. कोरेगाव-कऱ्हाडकडचा रुग्ण गाडीने येऊ शके. साताऱ्याच्या उत्तरेस वाईतही अमेरिकन मराठी मिशनचे रुग्णालय उभे राहिले. वानलेस यांना १९२८ मध्ये ‘सर’ हा किताब मिळाला. १९३३ मध्ये ते निवर्तले. लोकांच्या तोंडी मात्र ‘मिशन हॉस्पिटल’ हेच नाव राहिले.

७/१२
प्रतिजैविके येण्यापूर्वी पोटाच्या शस्त्रक्रियेचा खरा कस पुढच्या दिवसांत लागे. आत पू असेल तर जखम पूर्ण शिवता येत नसे. निचऱ्यासाठी रबरी नळी किंवा कापडाची वात ठेवावी लागे आणि जखम तळापासून हळूहळू भरून येण्याची वाट पाहावी लागे. रोज ड्रेसिंग, रोज वेदना, रोज ताप पाहणे. सल्फा औषधे १९३० च्या दशकात आली. पेनिसिलिन सामान्य रुग्णाच्या हाती पडले, ते दुसऱ्या महायुद्धानंतर.

८/१२
जखम भरली तरी तीन दुखणी मागे राहू शकत. पहिले, नालव्रण : आतड्यातील मळ कातडीवाटे झिरपत राहणे. दुसरे, जुन्या व्रणातून आतडे बाहेर डोकावणे, म्हणजे हर्निया. पू झालेल्या, उघड्या ठेवलेल्या जखमेत त्याची शक्यता अधिक. तिसरे, आतडी एकमेकांना चिकटणे. हे सर्वांत फसवे. कारण वर्षानुवर्षे काही जाणवत नाही आणि अचानक एके दिवशी आतड्याचा मार्ग बंद होतो. ही तिन्ही दुखणी आजही आहेत. उपाय बदलले आहेत.

९/१२
त्यात उपचारही कधी अपाय करत. टाके तुटतील या भीतीने रुग्णाला दोन-तीन आठवडे निजवून ठेवण्याचा प्रघात जगभर होता. स्नायू झिजत, पायांत रक्ताच्या गुठळ्या होत. शिकागोचे एमिल रीस यांनी १८९९ मध्येच रुग्णाला लवकर उठवावे असे सुचवले होते, पण ते फारसे कोणी मनावर घेतले नाही. १९४० च्या दशकात, युद्धकाळात खाटा आणि परिचारिका अपुऱ्या पडू लागल्या, तेव्हा रुग्ण लवकर उठवले गेले आणि ते अधिक चांगले बरे होतात हे दिसून आले.

१०/१२
गांधीजींना जुहूचा समुद्र मिळाला, एडवर्डला राजनौका. माण किंवा जतच्या कोरडवाहू शेतकऱ्याला काय मिळत असेल? पोटाच्या स्नायूंवर ताण पडू नये, जड उचलू नये, हा सल्ला मोट हाकणाऱ्याला, ज्वारीचे पोते पाठीवर घेणाऱ्याला किंवा दोन घागरी घेऊन विहीर चढणाऱ्या बाईला पाळता येण्याजोगा नव्हता. मिशन रुग्णालयांच्या आवारात सोबतची माणसे चूल मांडून पेज शिजवत. घरी परतल्यावर शुश्रूषेचा भार त्यांच्यावरच पडे, आणि तो बहुधा बायकांवर.

११/१२
या काळाची नोंद का सापडत नाही? त्या काळच्या दवाखान्यांचे अहवाल रुग्णांची वर्गवारी ‘बरे झाले’, ‘आराम पडला’, ‘मरण पावले’ अशा रकान्यांत करत. फाटकाबाहेर गेलेला रुग्ण कागदावरून नाहीसा होई. सहा महिन्यांनी पोटपट्टा बांधून बांधावर बसलेला माणूस ‘बरे झाले’ याच रकान्यात मोजला गेलेला असे. शस्त्रक्रियांची संख्या यशाची साक्ष देते. त्या यशाची किंमत कोणी किती वर्षे मोजली, हे ती सांगत नाही.

१२/१२
१९६२ मध्ये मिरजेत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. आज या शहराची ओळखच रुग्णालयांचे शहर अशी आहे. त्या ओळखीचा अर्धा इतिहास इमारतींत आणि किताबांत आहे. उरलेला अर्धा घराघरांत आहे. आजोबांचा पोटपट्टा, आजीने आयुष्यभर टाळलेले पदार्थ, ‘मिरजेला नेले होते’ या तीन शब्दांत मिटवलेली एखादी वर्षभराची कहाणी. ती सांगू शकणारी पिढी आज ऐंशी-नव्वदीत आहे. दफ्तरखान्यात जाण्याआधी तिच्याजवळ बसावे आणि विचारावे : टाके निघाल्यानंतर काय झाले?

(समाप्त)