घरगुती विमानाभ्यास : खेळ की विद्या?

१ ऑक्टोबर २०१७ रोजी काकडी येथील शिर्डी विमानतळाचे उद्घाटन झाले आणि शनिशिंगणापूरच्या दूरस्थ यात्रिकास तत्कालीन अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर, जिल्ह्यात विमानाने उतरण्याची सोय झाली. अशी प्रवासी विमाने चालविण्याचा अभ्यास आता घरच्या संगणकावरही होतो. हा अभ्यास केवळ खेळ की विद्या, हे इतिहासाच्या आधारे तपासणे युक्त ठरेल.

एडविन लिंक यांनी वाद्यांच्या कारखान्यातील भात्यांचे तंत्र वापरून १९२९ च्या सुमारास जमिनीवरील शिक्षणयंत्र सिद्ध केले. १९३४ मध्ये टपाल वाहणारे अमेरिकी सैनिकी वैमानिक खराब हवामानात मृत्युमुखी पडले, तेव्हा कोठे सेनेने ती यंत्रे विकत घेतली. ब्रूस आर्टविक यांच्या आज्ञावलीने १९७९-८० च्या सुमारास असे साधन घरगुती संगणकावर आणले.

लिंक यांचे यंत्र हलत असे. घरची खुर्ची स्थिर असते. मात्र ‘पीएमडीजी’सारख्या निर्मात्यांनी बोइंग ७३७ च्या अंतर्गत यंत्रणांची तपशीलवार प्रतिकृती केल्यावर अभ्यासाचा भर तोलाकडून कार्यकारणाकडे वळला. सहायक इंजिनाकडून अथवा बाहेरून दाबाची हवा मिळाल्याखेरीज पहिले मुख्य इंजिन सुरू होत नाही, हे विद्यार्थ्यास प्रत्यक्ष कृतीतून उमगते.

घरी घालविलेले तास वैमानिकाच्या परवान्यासाठी धरले जात नाहीत, आणि ते योग्यच होय. कारण तेथे भय नाही, प्रवाशांचे उत्तरदायित्व नाही. तथापि कारण जाणून केलेली कृती ही विद्याच होय. तिने उड्डाणाचा अधिकार प्राप्त होत नाही, इतकेच.