बाहेरचा डबा

मागच्या वर्षी ऑफिसातल्या टीमच्या जेवणाची जागा ठरवायचं काम माझ्याकडे आलं. आम्ही नऊ जण. एक जैन, एक हलालच खाणारा, एक केरळची ख्रिश्चन, दोघं मासे नसतील तर त्याला जेवण न म्हणणारे, आणि बाकीचे ‘काहीही चालेल’ म्हणून शेवटी प्रत्येक जागेला नाक मुरडणारे. सवयीप्रमाणे मी एक फॉर्म बनवला. त्यात एक रकाना होता: ‘प्युअर व्हेज जागाच हवी का?’ एका सहकाऱ्यानं तो मोकळा सोडला. नंतर चहा पिताना त्यानं मला एवढंच विचारलं, “प्युअर म्हणजे काय रे? मग बाकीचे कोण?”

मी हसून विषय बदलला. पण त्या रविवारी आत्याकडे गेलो, तेव्हा आजीची वही मागून घेतली.

माझी आजी लालबागला खानावळ चालवायची. आमच्या घरात ही गोष्ट अभिमानानं सांगितली जाते. दहा बाय बाराची खोली, दोन स्टोव्ह, आणि पाळी सुटली की जेवायला येणारे गिरणी कामगार. लहानपणापासून मी हे इतक्यांदा ऐकलंय की मुंबईत ‘बाहेर जेवणं’ म्हणजे काय, याचं माझ्या मनातलं पहिलं चित्र तेच आहे.

त्या चित्रामागचा इतिहास साधा आहे. कावसजी नानाभाई दावर यांनी 1854 मध्ये ताडदेवच्या कापड गिरणीची कंपनी काढली आणि 1856 मध्ये गिरणी चालू झाली. पुढच्या काही दशकांत परळ, लालबाग, भायखळा, वरळी हा सगळा भाग गिरण्यांनी भरून गेला. रत्नागिरीहून, साताऱ्याहून, घाटावरच्या गावांतून माणसं आली, पण बहुतेक पुरुष एकेकटेच आले. बायका-मुलं आणि शेती गावाकडे राहिली. एकेका खोलीत कितीतरी जण पाळीपाळीनं झोपायचे. त्यांना रोजचं जेवण हवं होतं, आणि ते रांधायला चाळीतल्याच बायका पुढे आल्या. जेवणाऱ्याला ‘मेंबर’ म्हणायचे. वाण्याकडून किराणा उधारीवर आणायचा, मेंबरनं पगार झाला की पैसे द्यायचे, मग वाण्याचं देणं फेडायचं. याच बायकांना सावकाराच्या आणि वाण्याच्या कचाट्यातून सोडवण्यासाठी प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि त्यांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं.

आजीची वही 1979 ते 1982 मधली आहे. मेंबरचं नाव, त्याखाली गाव, पुढे हिशेब. मी ती डेटा बघावा तशी बघायला लागलो आणि दहा मिनिटांत थांबलो. एकवीस नावं होती. सगळी गावं पाटण तालुक्यातली. सगळी आडनावं आमच्या जातीतली.

यात नवल वाटायचं खरं तर काही कारण नव्हतं. सगळ्या धर्मांचे, सगळ्या भाषांचे लोक मुंबईत आले हे खरंच, पण येताना प्रत्येकानं आपलं ताटही सोबत आणलं होतं. तेव्हा ‘बाहेर कुठे जेवावं’ या प्रश्नात चव फार मागे होती. हात कुणाचा, भांडं कुणाचं आणि शेजारी बसलंय कोण, हे आधी बघितलं जायचं. रेल्वे स्टेशनांवर हिंदू पाणी आणि मुसलमान पाणी वेगळं होतं. गिरणीच्या आतही तेच. जास्त पगाराच्या विणकाम खात्यात दलित कामगारांना घेत नसत, कारण कांडी बदलल्यावर धोट्याच्या भोकातून धागा तोंडानं ओढून घ्यावा लागायचा आणि ते उष्टं सवर्णांना चालत नव्हतं. 1928 च्या मोठ्या संपात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न लावून धरला होता. एकाच मालकाचं शोषण सोसणारे हे कामगार एका धाग्याला तोंड लावायला तयार नव्हते. मग एका पंगतीत कुठून बसणार?

या शहरात सगळ्यांचं टेबल आधी आणलं ते बाहेरून आलेल्यांनी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून यझ्द आणि केरमान भागातून इराणी इथे येत होते. कोपऱ्यावरची जागा अशुभ म्हणून हिंदू दुकानदार घेत नसत, ती इराण्यांना मिळाली, असं सांगतात. धोबीतलावजवळचं कयानी 1904 चं, ग्रँट रोडचं बी. मेरवान 1914 चं, बॅलार्ड इस्टेटचं ब्रिटानिया 1923 चं. मला वाटतं, इराण्याची खरी युक्ती त्याच्या पदार्थांत होती. चहा, ब्रून, मस्का हे कुणाच्याच हिशेबात ‘जेवण’ नव्हतं, त्यामुळे नियम जरा सैल पडायचे. आणि मालक इथल्या जातींच्या उतरंडीत कुठेच बसत नव्हता. एक आणा टाकला की संगमरवरी टेबलाशी जागा मिळायची. तो उदारपणा होता असं नाही, तो धंदा होता. पण ज्याला गावच्या हॉटेलात वेगळा कप मिळायचा, त्याला त्या धंद्याची किंमत नक्की कळत असणार.

उडप्यांची हॉटेलं दुसऱ्या वाटेनं तिथे पोचली. माटुंग्यात रामा नायक यांनी 1942 मध्ये श्रीकृष्ण बोर्डिंग सुरू केलं, ते मुंबईत नोकरीला आलेल्या दाक्षिणात्यांना केळीच्या पानावर घरचं जेवण मिळावं म्हणून. म्हणजे सुरुवात खानावळीसारखीच, आपल्या माणसांसाठी. पण आपली माणसं संपली तरी दुपारच्या खुर्च्या रिकाम्या ठेवून चालत नाही. बघता बघता इडली-डोसा सगळ्या शहराचा झाला. 1966 मध्ये शिवसेना स्थापन झाल्यावर दाक्षिणात्यांविरुद्ध मोहीम झाली, उडपी हॉटेलांवर दगड पडले. इडली मात्र कुणी सोडली नाही.

बाजारानं सगळं आपोआप केलं असतं, तर कायद्याची गरज पडली नसती. 26 जानेवारी 1950 ला लागू झालेल्या संविधानाचं पंधरावं कलम मी या निमित्तानं नीट वाचलं. धर्म, जात, लिंग वगैरेंवरून कुणाला अडवता येणार नाही अशा जागांच्या यादीत दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं आणि हॉटेलं आहेत. विहिरी आणि तलाव त्यानंतरच्या पोटकलमात येतात. 1955 च्या अस्पृश्यता कायद्यानं तर हॉटेलातली भांडी वापरू न देणं हाही गुन्हा ठरवला. एका देशाला आपल्या कायद्यात कपबशीचा विचार करावा लागला.

वहीत शेवटच्या पानांवर, बहुतेक महिन्यांत, एक वेगळी ओळ होती: ‘बाहेर 1’. त्याला नाव नाही, गाव नाही. आत्याला विचारलं. ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “एक जण स्वतःचा डबा घेऊन यायचा. आत येत नसे. मी आठ-नऊ वर्षांची असेन, आई मला पाठवायची. भाजी वरूनच टाकायची, पळी डब्याला लागू द्यायची नाही.” आणि मग, “तेव्हा असंच होतं रे. पण तिनं त्याला कधी कमी वाढलं नाही.”

दोन्ही वाक्यं खरी आहेत. आजीची खोली हे कायद्याच्या भाषेतलं ‘सार्वजनिक उपाहारगृह’ होतं का, हे वकिलांनी ठरवावं. अस्पृश्यता कायद्याला तेव्हा पंचवीस वर्षं होत आली होती, एवढं मला मोजता येतं.

18 जानेवारी 1982 ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. मेंबर गावी गेले, काही उधारी ठेवून. जूननंतर वहीत काहीच लिहिलेलं नाही. आजीनं त्याच पायरीवर भजी विकायला सुरुवात केली, आणि भजी घेणाऱ्याला कुणी गाव विचारत नसे.

फॉर्ममधला तो रकाना मी काढला. त्याजागी लिहिलं: ‘तुम्ही काय खात नाही?’ या वेळी नऊच्या नऊ उत्तरं आली. शेवटी आम्ही माटुंग्याला जेवलो. मासेवाले कुरकुरले, जैन मुलीनं प्रत्येक वाटीत काय आहे ते विचारून घेतलं, आणि आम्ही अनोळखी लोकांच्या शेजारी, मिळेल त्या खुर्चीवर बसलो. तो सहकारी माझ्या समोर होता. त्याला वहीबद्दल सांगावं असं दोनदा मनात आलं. मी सांगितलं नाही, त्यानं रस्सम दुसऱ्यांदा मागवलं.

‘बाहेर 1’ चं नाव आत्याला आठवत नाही. तिनं ते कधी विचारलंच नव्हतं.